दाजींना गटातून काढण्याची रीत

कारखान्यात कोण आहे आणि कोणाला कुठलं दार उघडतं, हे सगळं डिरेक्टरी सर्व्हर ठरवत असे. त्याच्या सॉफ्टवेअरला एक खोड होती आणि बनवणाऱ्यांनी ती प्रामाणिकपणे छापून कळवली होती: माणसाला आधी दारं उघडू शकणाऱ्यांच्या गटातून काढा, मग यादीतून उडवा. उलटं केलंत तर माणूस जातो, पण त्याचं कार्ड दारं उघडतच राहतं.

सर्व्हरवाल्याला हे पाठ होतं. पण त्या सकाळी मॅनेजरसाहेब त्याच्या मानगुटीशी उभे होते. आदल्या दिवशी घरी, पाहुण्यांसमोर, त्यांच्या बहिणीच्या नवऱ्याने, म्हणजे भट्टीवरच्या दाजींनी, त्यांना 'ऐतखाऊ' म्हटलं होतं.

"गटबिट राहू दे. नाव उडव. माझ्या डोळ्यांदेखत."

नाव उडालं. साहेबांना जेवण गोड लागलं.

दुपारी दाजी पहार घेऊन आले. फाटकाला कार्ड लावलं, हिरवा दिवा लागला. पहारेकऱ्याने सवयीने सलामाला हात उचलला. तो कोपरात मोडला. मग साहेबांची केबिन, त्यांचं टेबल आणि टेबलाची बाजू घेऊ पाहणारा शिपाई, असे सगळे क्रमाने आडवे झाले. साहेब स्वतःचं कार्ड केबिनमध्येच टाकून सर्व्हरच्या खोलीकडे पळाले; सर्व्हरवाल्याने आत घेतलं. तिथलं दार पोलादी होतं, आतून-बाहेरून कार्डानेच उघडणारं.

"त्याचं कार्ड बंद कर!"

"ते यादीत नाहीत साहेब. नसलेल्या माणसाचं काय बंद करू?"

"अरे, मग दारं कशी उघडताहेत?"

"गटात आहेत ना! तोडगा आहे. त्यांना पुन्हा नोकरीवर घ्यायचं, गटातून काढायचं, मग उडवायचं."

बाहेर काच फुटली. "मेहुण्याऽ! कुठल्या बिळात शिरलास?"

"घे! घे नोकरीवर!"

"मंजुरीला तुमचा अंगठा लागतो."

साहेबांनी अंगठा दाबला. दाजी नोकरीला लागले आणि त्याच क्षणी दार उघडून आत आले. सर्व्हरवाल्याचं कार्ड खाली पडलं होतं, ते त्यांच्या बुटाखाली मोडलं.

"दाजी, ताईची शपथ..."

"तिनेच पाठवलंय."

पहिल्या घावात जबडा गेला, दुसऱ्यात गुडघा. तिसरा चुकवायला साहेबांनी हात मध्ये घातला, तेव्हा बोटं गेली. सर्व्हरवाला कीबोर्ड घेऊन टेबलाखाली बसला होता. कर्तव्यदक्ष माणूस, त्याने दाजींना गटातून काढलं, मग उडवलं. या वेळी अगदी क्रमाने.

दाजींचं समाधान झालं होतं. त्यांनी घाम पुसला, दाराला कार्ड लावलं. लाल. पुन्हा लाल.

"उघड रे."

"तुम्ही आता कामावर नाही, दाजी."

"असं?" म्हणून दाजी मागे वळले आणि दुसरं काही काम नसल्यामुळे साहेबांच्या बरगड्यांकडे लागले.

"साहेब, अंगठा!" सर्व्हरवाला रांगत पुढे आला. बोटं चार दिशांना बघत होती, पण अंगठा शाबूत होता. त्याने तो पुसला आणि दाबला. दाजी पुन्हा नोकरीला लागले, गटातही बसले. दिवा हिरवा झाला.

दाजींनी पहार भिंतीला टेकवली, साहेबांना पोत्यासारखं खांद्यावर टाकलं. "चल दवाखान्यात. मेलास तर तुझी बहीण मला घरात घ्यायची नाही."

सर्व्हरवाल्याने उलट्या लोंबणाऱ्या साहेबांच्या कानाशी वाकून हळूच विचारलं, "हे बाहेर पडले की काढू का?"

मोडक्या जबड्यासकट जमेल तेवढ्या जोरात साहेबांनी नकाराची मान हलवली.