फायटरनं पडायचं असतं

खोलीत अडखळून पडण्यासारख्या वस्तू एकूण नऊ निघाल्या. कोपरा दुमडलेली सतरंजी, टीव्हीची वायर, मोरीचा उंचवटा, पलंगाखालून डोकावणारी ट्रंक, दोन स्टुलं, पायपुसणं, दाराला लावलेली वीट आणि भिंतीला टेकवून ठेवलेली एक जाड, ठिगळं लावलेली गादी.

"ही गादी आधी टाकून द्या, काका," फिजिओथेरपिस्ट मुलगी म्हणाली. "पाय अडकेल."

"हिच्यावर पडायचो म्हणून तर पाय शाबूत राहिले," म्हातारा म्हणाला.

त्याची लेक हसली, पण कसनुसं. पंधरवड्यापूर्वी म्हातारा जिन्यात पडला होता. खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं, पण शेजाऱ्यांनी तिला फोन केला आणि तेव्हापासून तिनं धोशा लावला होता, की ही खोली सोडायची आणि तिच्या घराजवळच्या वृद्धाश्रमात राहायचं. शेवटी दोघांचं ठरलं, की तोल तपासून घ्यायचा. पन्नासपैकी अडतीस गुण मिळाले तर म्हाताऱ्यानं इथंच राहायचं. एक जरी कमी पडला तरी सामान बांधायचं.

सोडवणार नाही असं खोलीत काहीच नव्हतं. मात्र खिडकीतून सिनेमाच्या स्टुडिओचं मागचं फाटक दिसायचं. ते बंद होऊनही बरीच वर्षं झाली होती. सकाळी चहा घेऊन तो त्या फाटकाकडे बघत बसे.

तपासणी सुरू झाली. हात न टेकता तो खुर्चीतून उठला. डोळे मिटून उभा राहिला. जमिनीवरची चप्पल उचलली. स्वतःभोवती गिरकी घेताना मात्र दोनदा भिंतीला हात लावावा लागला.

"काका, कामाला कुठं होतात?"

"सिनेमात. फायटर."

"बाप रे! म्हणजे मारामारी करायचात?"

"मारामारी हिरो करतो. फायटर पडतो."

आता मुलीचं पेन थांबलं. "पडतो म्हणजे?"

"पडायचेच पैसे. जिन्यावरून, टेबलावरून, काचेतून. आपापली पाळी आली की पुढं व्हायचं, मार खायचा आणि आडवं व्हायचं. घाई केली की फाइटमास्तर ओरडायचा, 'अरे, हिरोला श्वास तरी घेऊ दे!'"

"मग तुम्हाला फायटर का म्हणायचे?"

"पडणारा म्हटलं असतं तर पोरगी कुणी दिली असती का?"

आता मुलगी खळखळून हसली. म्हाताऱ्याला बरं वाटलं. फाइटमास्तर त्याला पोत्या म्हणायचा, कारण तो पडला की भरलं पोतं टाकल्यासारखा आवाज यायचा. पडद्यावर नाव कधीच आलं नाही. मास्तर गेल्या वर्षी वारला. आता पोत्या म्हणून हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं.

"आम्ही हा शब्द वेगळ्या अर्थानं वापरतो," मुलगी म्हणाली. "पेशंटला धीर द्यायला. तुम्हीपण फायटरच आहात, काका."

हे वाक्य म्हाताऱ्यानं आधीही एकदा ऐकलं होतं. बायकोच्या आजारपणात मोठे डॉक्टर एकदा वॉर्डाबाहेर आले होते आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले होते, "मिसेस फायटर आहेत तुमच्या." लेकीच्या चेहऱ्यावर तेव्हा कितीतरी दिवसांनी रंग आला होता. तिनं धावत जाऊन आईला सांगितलं होतं. म्हातारा मात्र तिथंच बाकावर बसून राहिला. कोण पडणार हे त्याच्या धंद्यात शूटिंगच्या आधीच ठरलेलं असायचं. बायको घरी परत येणार नाही, हे त्याला त्या बाकावर कळलं. लेकीला ते त्यानं तेव्हा सांगितलं नाही आणि नंतरही नाही.

"छत्तीस झाले," मुलीनं बेरीज केली. "आता शेवटचं. एका पायावर दहा सेकंद उभं राहायचं. राहिलात तर चार गुण. कुणाला धरलंत तरी दोन. पडलात तर शून्य."

"धरलं तरी चालेल, बाबा," लेक घाईनं म्हणाली आणि त्याच्या डाव्या हाताशी येऊन उभी राहिली. "मी आहे ना इथं."

म्हाताऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. तिच्या कमरेला पट्टा होता. आईला उचलून बसवता बसवता तिची कंबर गेली होती, तेव्हापासूनचा तो पट्टा.

त्यानं उजवा पाय उचलला. मुलगी मोजू लागली. चारपर्यंत सगळं ठीक होतं. मग घोटा थरथरला आणि अंग डावीकडे, लेकीच्या बाजूला झुकलं.

"धरा बाबा! धरा!"

लेकीचा हात त्याच्या बोटांपर्यंत आला होता. पडताना शेजारच्याला धरायचं नाही, नाहीतर दोघं जातात, हे मास्तरनं त्याला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. त्यानं हात छातीशी ओढून घेतला, जोर लावून अंग उजवीकडे फेकलं, हनुवटी आत घेतली, श्वास सोडला आणि तळवा जमिनीवर आपटला. खोलीत फटाका फुटल्यासारखा आवाज झाला.

तो कुशीवर निपचित पडून राहिला, डोळे मिटून. पडलेल्या फायटरनं मास्तर 'कट' म्हणेपर्यंत हलायचं नसतं.

लेक झटकन त्याच्या उशाशी आली.

"बाबा! लागलं का हो? बोला ना!"

त्यानं डोळे उघडले. "छे. काही लागलं नाही."

"मग हात का नाही धरलात? मी होते ना बाबा इथं!"

त्यानं तिच्या पट्ट्याकडे पाहिलं. तिनं वाकू नये म्हणून स्टूल धरून स्वतःच उठून बसला.

मुलीनं पेन उघडलं. कागदाच्या खालच्या रकान्यात लिहिलं: पन्नासपैकी छत्तीस.