नेलपॉलिशची रेघ

"स्क्रू तू पिळलास दादा, नि सरांना नाव माझं सांगितलंस?"

नागसेननं मोबाइल खिशात टाकला. "हळू बोल. आई आत आहे."

"असू दे की. काल मामासमोर स्क्रू पिळून ऐट मारत होतास, तेव्हा पण होतीच," नौमान बोलला.

पोलादपूरच्या त्या पडवीत, टेबलावर चकती वाकवायचा साचा पडला होता. नववीतनं शाळा सोडलेल्या नौमाननं महाडच्या गॅरेजात स्वतः बनवलेला, लुनाच्या ब्रेकचा स्क्रू बसवून. आत लॅबमधनं आणलेली नखाएवढी चकती. एका ऑक्साइडवर दुसऱ्या ऑक्साइडचा पातळ थर. नागसेन पुण्याच्या लॅबमध्ये त्याच्यावरच संशोधन करायचा. एकट्या-एकट्यातनं वीज जात नाय, पण दोघं जिथं चिकटतात तिथनं बरोब्बर जाते. स्क्रू पिळून चकती जराशी वाकवली की तिला जोडलेल्या मीटरचा काटा खाली, ढिला केला की परत वर. पहिल्यांदा बघितलं तेव्हा नौमानच्या हातातला चहा थंड झाला होता.

पण चकती काचेच्या जातीची. जास्त वाकली की गेली. म्हणून गॅरेजात नटावर खूण करतात तशी त्यानं बहिणीची, अफशाची नेलपॉलिश घेऊन स्क्रूवर एक नि साच्यावर एक रेघ मारली. दोन्ही जुळल्या की थांबायचं. आता स्क्रूवरची रेघ पार पुढं निघून गेली होती.

"माझी पीएचडी आहे रे," नागसेन बोलला. "सर मला हाकलतील. तुझं काय जाणार आहे?"

"लॅबच्या वर्कशॉपातली नोकरी. सोमवारी ये बोलले होते सर. आता बोलावतील?"



नागसेनची आई, ललिताकाकी, चहा घेऊन आली. काल तिनं सगळं डोळ्यांनी बघितलेलं. "नौमान, तूच समजून घे रे बाबा."

ते 'तूच' त्याला जास्त झोंबलं. त्यानं स्क्रू ढिला केला. काटा हलला नाय. पुरा सोडला, तरी नाय. मग चकतीचे दोन तुकडे नागसेनच्या तळहातावर ओतले नि साचा पिशवीत घातला.

"अरे, तो कुठं नेतोस? उद्या नवीन चकती लावायची आहे."

"सरांना सांग, गॅरेजवाल्या पोरानं नेला. एक तरी खरं सांगशील."

"नौमान, ऐक तरी..." ललिताकाकी बोलली.

"काकी, च्या ऱ्हाऊ दे. महाडची गाडी लागली हाय. मला निघायला पायजे आता."