न दुखणारा हात

मी एक जुना रबरी हात आहे. खांद्यापासून बोटांपर्यंत, बस्स, एवढाच! कर्करोगाच्या रुग्णालयात नव्या परिचारिका माझ्यावर सुई टोचायला शिकतात. माझ्या नळ्यांतून लाल पाणी खेळतं. अनेकींचे थरथरते हात माझ्यावर स्थिर झाले, म्हणून मोठ्या सिस्टर माझं भारी कौतुक करायच्या. आता माझ्या कातडीची पार चाळण झाली आहे.

मित्रांनो, माझ्या विद्यार्थिनींत एक होती चिमणी. अंगाने एवढीशी, म्हणून हे नाव. पण पहिल्याच फटक्यात तिला शीर सापडे. सराव करताना ती अवाक्षरही बोलत नसे. रबराशी काय बोलणार म्हणा!

पुढे तिला शेजारच्या वॉर्डात औषध द्यायचं काम मिळालं. मधल्या काचेतून मला सगळं दिसे, ऐकूही येई. एकदा तिने एका शिंपीणकाकूंना सुई लावली. कर्करोगाचं हे औषध शिरेबाहेर झिरपलं तर आतलं मांस जळतं. म्हणून रुग्णाला 'जळजळतंय का?' असं सारखं विचारायचं असतं. चिमणी नुसती थेंबांकडे बघत राहिली. काकू ओठ आवळून बसल्या.

मोठ्या सिस्टरांनी काकूंचा चेहरा पाहिला आणि धावत येऊन औषध बंद केलं. मनगटाजवळ लालभडक सूज होती.

"अहो काकू, सांगायचं नाही का?"

"पोरगी एवढं मन लावून करत होती. म्हटलं, औषध आहे, जळायचंच."

डॉक्टरांनी लगेच उपचार केले. पण तो शिवणाचा हात होता. कात्री धरता येईल की नाही, कुणीच सांगेना. चिमणी माझ्या खोलीत येऊन ढसाढसा रडली.

"मला नाही जमणार हे. मी दुसऱ्या वॉर्डात जाते."

"जा," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "पण काकूंचा हात बरा होऊ दे, मग जा."

चिमणी रोज काकूंचा हात शेकू लागली, दर वेळी 'दुखतंय का?' असं विचारू लागली. हळूहळू सूज उतरली. एक दिवस काकूंनी बोटं चालतात का ते बघायला चिमणीचा उसवलेला खिसा तिथेच शिवून दिला. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

पुढच्या औषधाच्या वेळी काकूंनी तिलाच बोलावलं. "हिला विचारायची सवय लागलीय, मला सांगायची. नवीन माणसाबरोबर पुन्हा पहिल्यापासून कुठे सुरू करू?"

चिमणी वॉर्ड सोडून गेली नाही.

मित्रांनो, मला दुखत नाही. माणसाला दुखतं, आणि भिडेपोटी तो गप्प बसतो. कुणाची सेवा कराल तेव्हा विचारा, आणि उत्तर येईपर्यंत जरा थांबा.