गुळगुळीत कड

लीड्सच्या त्या प्रयोगशाळेत माणसांच्या गुडघ्यांतून परत काढलेले कृत्रिम सांधे येत. त्यांची झीज वजनावरून ठरवता येत नसे, कारण नवा असताना तो तुकडा नेमका किती भरला होता हे कुणालाच ठाऊक नसायचं. म्हणून भिंगाखाली पाहून शून्य ते तीन गुण द्यायचे, झीज जास्त तितके गुण जास्त, दोघांनी वेगवेगळे. फरक पडला, तर एका अंकावर येईपर्यंत उठायचं नाही.

मॉर्वेनने तीन दिले होते, तिचे प्रमुख गॅरेथ यांनी दोन. प्लास्टिकच्या चकतीच्या मागच्या कडेला पापुद्रा निघाला होता.

"अगं, सर्जनची छिन्नी लागलीय ही. काढतानाची खूण आपण धरत नाही."

"छिन्नीची कड बोचरी असते, गॅरेथ. ही घासून गुळगुळीत झालीय. पापुद्रा निघाल्यावरही ती बाई यावर चालत होती."

"बाईच कशावरून?"

"एवढं सोसून चालली म्हणून."

ते हसले, पण हलले नाहीत. "तीन दिले की सरासरी मर्यादेबाहेर. मग हा सांधा बसवलेल्या हजारो म्हाताऱ्यांना इशाऱ्याची पत्रं. एका छिन्नीपायी?"

"तिसऱ्या कुणाला तरी दाखवू या."

"दाखव की. नेस्टाला बोलावू?"

नेस्टा त्यांचीच विद्यार्थिनी. मॉर्वेनही त्यांचीच, आणि तिची नेमणूक पुढे चालू ठेवायची की नाही हे पुढच्या महिन्यात तेच ठरवणार होते. खोलीला खिडकी नव्हती. मॉर्वेनच्या मुलाचं पाळणाघर बंद व्हायची वेळ होत आली होती.

"बरं, दोन," ती म्हणाली.

"शहाणी माझी."

वाद मिटलेल्या तुकड्याचा फोटो, खाली दोघांची नावं घालून, भिंतीवर लावायची तिथली पद्धत होती. पुढे तशीच खूण आली की तोच अंक. गॅरेथनी फोटो लावला आणि दुसरी चकती भिंगाखाली सरकवली. "एवढी एक. मग जा."

बराच वेळ ते वाकून बघत राहिले. "ही कड मात्र खरंच गुळगुळीत आहे गं. तीन वाटतात." मग त्यांनी भिंतीकडे पाहिलं. "पण नमुना दोनचा आहे."

"मग तो काढा."

"काढू. फक्त आपण चुकलो, असं दोघांनी लिहून द्यावं लागेल. मी देतो. माझं काय जाणार आहे? तू बघ."

मॉर्वेनने भिंगाला डोळा लावला. कड पहिल्यापेक्षाही लांब होती.

"दोन," ती म्हणाली.

या वेळी वाद झाला नाही, त्यामुळे दोघं वेळेत बाहेर पडली.