पाळबाबाची हनुवटी

भैय्यालालने रुचीचा जबडा सूर्यासमोर धरला आणि एक डोळा मिटला.

"उलटा हाये तो," रुची म्हणाली.

"मले समजते." त्याने एक्स-रे सुलटा केला आणि तेवढ्याच गांभीर्याने पुन्हा पाहिला. "हे पांढरं काय होय?"

"दात."

"आन् हे?"

"ते पण दात."

"गंज दात हायेत, मोजता नाई येत," असा शेरा मारून त्याने एक्स-रे पुढे सरकवला.

तलावाच्या मातीच्या पाळीवर, मोहाच्या झाडाखाली पाणीवाटपाची सभा भरली होती. धानाला शेवटचं पाणी सोडायच्या आधी ही सभा दरवर्षी भरते. तलावाचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दार, किती दिवस उघडं ठेवायचं आणि कुणाच्या धानाच्या बांधीत आधी पाणी जाऊ द्यायचं हे तिथे ठरतं. दार उघडायचा मान पाणकराचा, आणि पाणकर म्हणजे रुचीचे वडील, उमराव. तीस वर्षं सगळ्या गावाच्या संमतीने पाणी सोडून सोडून त्यांना एकट्याने काही ठरवायची सवयच उरली नव्हती. घराला कोणता रंग द्यायचा हेही त्यांनी एकदा सभेपुढे ठेवलं होतं. म्हणून त्यांचं घर तीन बाजूंनी पिवळं होतं आणि चौथ्या बाजूने, भैय्यालालच्या विरोधाचा मान राखून, हिरवं.

आजच्या सभेत तीन विषय होते. तुडुमाची सडलेली फळी, मासेमारीचा ठेका आणि रुचीचा जबडा. पहिले दोन अर्ध्या तासात संपले.

"सांग बाई तूच, डॉक्टर काय म्हणला ते," सरपंच सुशिलाबाई म्हणाल्या.

रुची उभी राहिली. बावीस वर्षांची, सडक अर्जुनीच्या सेतू केंद्रात लोकांचे अर्ज भरून देणारी मुलगी. अर्जातल्या रकान्यांसारखंच तिने सगळं ओळीने सांगितलं. खालचा जबडा वरच्यापेक्षा आठ मिलिमीटर पुढे आहे. पुढचे दात एकमेकांना भेटत नाहीत. सगळं काम दाढा करतात, त्यामुळे दाढा झिजताहेत आणि सकाळी उठल्यावर कानाजवळ कटकट वाजतं. आजवर तिने पेरूचा लचका तोडलेला नाही.

हे शेवटचं डॉक्टरांनी सांगितलेलं नव्हतं. ते तिने स्वतःच जोडलं आणि पटकन पुढे गेली.

"रस्ते दोन हायेत. पहिला, नुसत्या तारा. दोन वर्षं, पंचावन हजार. दात वाकवून झाकझूक होते, जबडा जागच्या जागी राहते."

"म्हणजे भेग तशीच, वरून पेंट," सुशिलाबाई म्हणाल्या.

"दुसरा, पहिले दीड वर्ष तारा, मंग नागपूरले ऑपरेशन. हाड कापून मांगं सरकवतेत. खासगीत साडेतीन लाख. सरकारीत गंज कमी, पण नंबर लावा लागते. नंतर महिना-दीड महिना फक्त पातळ खायचं."

"पातळ म्हणजे?"

"पेज."

"पेज तं आपण ऑपरेशन न करताच पितो," मागून कुणीतरी म्हणालं आणि सभा थोडी हसली.

गोंदियाच्या दवाखान्यात काल हे सगळं डॉक्टर हिमांशु यांनी प्लॅस्टिकचा जबडा उघडून-मिटून दाखवत सांगितलं होतं. उमराव खुर्चीच्या अगदी कडेवर बसून ऐकत होते. त्यांची स्वतःची हनुवटीही तशीच पुढे होती. या घराण्यात पाऊस आला की तो आधी हनुवटीला कळतो, असं गावात म्हणायचे. डॉक्टरांनी एकदा रुचीकडे पाहिलं, एकदा उमरावांकडे, आणि "फॅमिली हिस्ट्री" असं काहीही न विचारता लिहून टाकलं.

"एक बात और है अंकल," डॉक्टर म्हणाले होते, "ऑपरेशन के पहले, तारा लावल्यावर, जबडा अजून जास्त पुढे दिसेल. पेशंट यहीं पे घबराते हैं. दात आधी आपल्या खऱ्या जागेवर आणावे लागतात, तब जाके हड्डी बरोबर बसती है."

उमरावांनी मान डोलावली होती.

"तुडूम दुरुस्त करायचं तं पहिले तलाव खाली करा लागते. तवा तलाव भलताच भकास दिसते."

डॉक्टर म्हणाले, "एक्झॅक्टली." परतीच्या गाडीत सौंदड येईपर्यंत उमराव खिडकीबाहेर बघत होते. स्टेशनवर उतरल्यावर ते फक्त एवढंच बोलले, "सभेत ठेवू."

आणि आता विषय सभेत होता.

"माहा विरोध हाये," भैय्यालाल उठत म्हणाला.

कुणालाही नवल वाटलं नाही. भैय्यालालला स्वतःला हनुवटी अशी नव्हतीच. ओठ संपले की थेट गळा सुरू व्हायचा. पण बोलताना तो ज्या दिशेला हात करायचा, तिकडे सगळ्यांना बघावं लागायचं. आता त्याने हात केला तो पाळीच्या टोकाकडे. तिथे दगडी चौथऱ्यावर गुडघाभर उंचीचा, शेंदराने माखलेला पाळबाबा बसला होता. हा तलाव ज्याने बांधला तो मूळपुरुष, उमरावांच्या घराण्याचा पहिला. रुंद कपाळ, दोन डोळे, आणि त्याखाली तलावाकडे रोखलेली, भल्यामोठ्या लिंबाएवढी हनुवटी.

"पाहा," भैय्यालाल म्हणाला. "तलाव कोणाचा? बाबाचा. बाबाची निशाणी कोणती? हनुवटी. पाणकर ओळखायचा कशावरून? हनुवटीवरून. उमरावभाऊनंतर तुडूम कोण उघडन? एकुलती एक पोट्टी. आन् तिनं हनुवटीच कापून टाकली, तं बाबा ओळखन का तिले?"

"आधार कार्ड दाखवीन," रुची म्हणाली.

"गंमत नोको करू. हा जबडा तुह्या एकटीचा नोहोय. हा गावाचा हाये."

गावाने रुचीच्या जबड्याकडे पाहिलं. मग पाळबाबाकडे. मग पुन्हा जबड्याकडे. साम्य नाकारण्यासारखं नव्हतं. तोंड उघडं ठेवून बसलेले दोघे-तिघे हळूच "हो नं" म्हणाले. रुचीने वडिलांकडे पाहिलं. ते रुमालाची घडी घालत होते. घातली, उलगडली, पुन्हा घातली.

तासभर चर्चा झाली. जबडा पूर्ण मागे न घेता अर्धाच घेता येईल का, असंही एकाने विचारलं. अखेर सुशिलाबाईंनी ठराव लिहून घेतला. तारा लावायला सभेची हरकत नाही. ऑपरेशनचा निर्णय दीड वर्षाने, आणि तोही पाळबाबाने स्वतः काही इशारा दिला तरच.

"इशारा म्हणजे कसा?" रुचीने विचारलं.

"ते बाबा पाहून घेईन," भैय्यालाल म्हणाला, आणि सभा चहासाठी त्याच्या घराकडे निघाली.

रुची गेली नाही. ती तडक चौथऱ्याकडे गेली, पाळबाबासमोर मांडी घालून बसली आणि दोघेही एकमेकांकडे बघत राहिले. थोड्या वेळाने तिने पिशवीतून प्लॅस्टिकची पट्टी काढली. ज्याच्या मापाने तिला मोजलं जात होतं, निदान त्याचं माप तरी तिला माहीत हवं होतं. तिने पट्टी बाबाच्या खालच्या ओठाला टेकवली आणि हनुवटीच्या टोकापर्यंत वाचली. पावणेदोन इंच. जरा नीट बघावं म्हणून तिने पट्टी थोडी दाबली.

टक्क असा आवाज झाला आणि मूळपुरुषाची हनुवटी तिच्या मांडीत पडली.

तिच्या आयुष्यात देवाच्या बाबतीत आजवर एवढी मोठी चूक झाली नव्हती. मग तिने तो तुकडा उचलला. दगड नव्हता तो. हलका होता, आणि तुटलेल्या बाजूने बघितलं तर आत कांद्यासारखे पापुद्रे होते. तांबडा, त्यावर केशरी, त्यावर पुन्हा तांबडा. शेंदूर आणि तेल, तेल आणि शेंदूर. तिने वर बघितलं. पाळबाबाची खरी हनुवटी पहिल्यांदाच उन्हात आली होती. ती लहानशी होती, आत गेलेली. ओठ संपले की थेट गळा. हुबेहूब भैय्यालालकाकासारखी.

"हळू धर," मागून उमराव म्हणाले. "तेलाचा हाये. ठिसूळ."

ते कधी आले तिला कळलं नव्हतं. चौथऱ्याच्या कडेवर, दवाखान्यातल्या खुर्चीत बसले होते तसेच ते बसले.

"तुमाले माहीत होतं, बाबा?"

उमरावांनी तुकडा हातात घेतला आणि अंगठ्याने त्याची कड पुसली.

"अकरा वर्षांचा होतो. आमच्या बाबानं शेंदूर लावाचं काम माह्याकडं देलं. खरिपाले एक डाव, उन्हाळी धानाले एक डाव." त्यांनी तुकडा उलटा केला. "शाळेत पोट्टे मले फावडं म्हणत. फावड्या, जरा माती ओढ. फावड्या, पाट काढ."

"मंग?"

"मंग काही नाई. लावता लावता हनुवटीले थोडा जास्त लावत गेलो. बोटभर नाई, केसभर. एका डावात कोणाले दिसत नाई."

रुचीने पापुद्र्यांकडे पाहिलं. मोजायला सुरुवात केली आणि सोडून दिली.

"सात-आठ वर्षांनं," उमराव म्हणाले, "भैय्यालालच पहिले म्हणला. अरे, उमऱ्या तं पाळबाबावर गेला! त्या दिवसापासून फावडं बंद."

तलावात एक बगळा एका पायावर उभा होता. भैय्यालालच्या घरातून, साखर कमी की चहापत्ती कमी अशा कुठल्याशा मुद्द्यावर विरोधाचे सूर ऐकू येत होते.

"तुमाले कधी पेरू तोडता आला, बाबा?" रुचीने विचारलं.

"चाकू असते नं," उमराव म्हणाले.

घरात पेरू नेहमी फोडी करून, मीठ लावून यायचा. बाबांना तसाच आवडतो, असं आई सांगायची. तिने बाजूच्या पणतीत उरलेलं तेल तुटलेल्या जागेवर लावलं, त्यावर वाटीतला शेंदूर थापला आणि तुकडा जागेवर बसवून दाबून धरला. दोघांनी आळीपाळीने दाबला. पाच मिनिटांनी पाळबाबा पुन्हा तलावाकडे रोखून बघू लागला.

"पावणेदोन इंच," रुची म्हणाली. "म्हणजे पंचेचाळीस मिलिमीटर. अठरा महिने. महिन्याले अडीच."

उमरावांनी रुमाल पुन्हा बाहेर काढला.

"एका डावात कोणाले दिसत नाई, तुमीच म्हणले," ती म्हणाली. "सभेले इशारा पायजे. पाळबाबा स्वतःच हळूहळू मांगं गेला, तं भैय्यालालकाका काय म्हणन?"

उमरावांचा जबडा हलला. हसू आलं की त्यांची हनुवटी आधी हलायची आणि ओठ मागाहून यायचे.

"विरोध करन," ते म्हणाले.

"कोणाले? बाबाले?"

यावर मात्र उमरावांनी नीट विचार केला. रुमालाची घडी घातली आणि या वेळी ती खिशात ठेवली.

"सोमवारी गोंदियाले जाऊ," ते म्हणाले. "तारा लावून घेऊ. नागपूरच्या सरकारी दवाखान्यात नंबर कसा लावतेत, ते बी डॉक्टरले विचारून ठेवू."

हे वाक्य त्यांनी कुणालाही न विचारता उच्चारलं होतं. त्यांच्या ते लक्षात आलं की नाही कुणास ठाऊक, पण ते उठता उठता पुन्हा बसले. रुचीने पिशवीतून कानसवजा काहीतरी शोधायला घेतलं. नखं घासायची पट्टी सापडली. तिने ती पाळबाबाच्या हनुवटीला टेकवली.

"थांब," उमराव म्हणाले. "आत्ता नोको."

"काऊन?"

"डॉक्टर काय म्हणला? तारा लावल्या की पहिले जास्त पुढं दिसन."

त्यांनी शेंदराच्या वाटीत बोट बुडवलं, आणि चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या सवयीने, केसभर, एक थर आणखी लावला.