तिसऱ्या नळीची कड

शनिवारी संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी ताईने मॅनिफोल्ड इंजिनवरून उचललं, उलटं केलं, आणि तिसऱ्या नळीच्या तोंडाशी लोंबणारी कड तिथे नव्हती.

कड म्हणजे घासताना धातूला सुटलेली चंद्रकोरीसारखी पातळ कपची, कापलेल्या नखाएवढी. थोड्या वेळापूर्वीच तिने ती पाहिली होती. एकदा बसवून बघू, मग चिमट्याने मोडू, असं तिने मनाशी ठरवलं होतं.

गॅरेजमध्ये तिघंच होती: ताई, तिचा धाकटा भाऊ, ज्याला घरात सगळे बारक्या म्हणत, आणि त्याची बायको, ताईची वहिनी. चालत्या गाडीत ती त्याच्या शेजारी बसून पुढची वळणं वाचून दाखवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगराच्या रस्त्यावर चाचणी होती. शर्यतीच्या एका संघाचा मालक दोघांतून एक ड्रायव्हर निवडणार होता आणि त्या दोघांतला एक बारक्या होता. दुसरं इंजिन नव्हतं. दुसरी संधीही कोणी देणार नव्हतं.

बारक्याच्या इंजिनवर सुपरचार्जर होता, पट्ट्यावर फिरून इंजिनात हवा कोंबणारा पंप. ती हवा चार सिलिंडरांत वाटून देणारा ॲल्युमिनियमचा पंजा म्हणजे मॅनिफोल्ड. त्याची बोटं, म्हणजे नळ्या, आतून खडबडीत असतात, इंजिनच्या तोंडाशी नेमकी जुळत नाहीत. ती घासून सलग केली की हवा अडखळत नाही. हे काम ताईने मागून घेतलं होतं. पोटापाण्यासाठी ती कवळ्या बनवायची.

"तुझा हात म्हणजे कुदळ," ती भावाला म्हणाली होती. "दे इकडे."

आणि तिने ते कवळीसारखंच केलं. कवळी साच्यावर बसवायची, मध्ये निळा कागद ठेवून दाबायची, डाग उमटेल तिथे घासायचं, पुन्हा बसवायची. गॅरेजवाले असं करत नाहीत. ते तोंडाची आकृती धातूवर कोरून घेतात आणि इंजिनपासून लांब, टेबलावर काम उरकतात. ताई दर खेपेला मॅनिफोल्ड इंजिनवर चढवून बघत होती, आणि ते नीट टेकावं म्हणून चुरा अडवणारे इंजिनच्या तोंडांतले चिंध्यांचे बोळेही दर खेपेला काढत होती.

"बारक्या, तिसऱ्यात काहीतरी पडलंय."

"काहीतरी म्हणजे?"

तिने करंगळीचं नख दाखवलं.

"चुंबक आण गं," तो बायकोला म्हणाला.

"ॲल्युमिनियम आहे ते. चुंबक काय त्याच्याशी गप्पा मारणार?" ताई म्हणाली.

त्याने इंजिनच्या तिसऱ्या तोंडात बॅटरी मारली. झडप मिटलेली असती तर कपची तिच्या पाठीवर पडून राहिली असती आणि चिमट्याने निघाली असती. तिसऱ्याची झडप सताड उघडी होती, म्हणजे कपची थेट सिलिंडरात गेली असणार.

त्याने प्लग काढला. ताईने आपल्या पेटीतला, दातांमागचं बघायचा इवलासा आरसा त्या भोकातून आत घातला. काजळी दिसली, पिस्टनचा माथा दिसला. कोपरे दिसत नव्हते. मग व्हॅक्यूम क्लीनरला शीतपेयाची नळी चिकटवून आतलं ओढून घेतलं. पिशवीत राखाडी भुकटी आणि चिंधीचा एक धागा निघाला.

"हेड उघडावं लागेल," ताई म्हणाली. सिलिंडरांवरचं ते झाकण काढल्याशिवाय कोपरे दिसणार नव्हते.

"उघडलं की उद्याचा दिवस गेला. मधलं गॅस्केट नवं लागतं, ते सोमवारशिवाय मिळत नाही."

"आणि नाही उघडलं तर इंजिन गेलं."

"मऊ असतं गं ते. इंजिन चावेल आणि थुंकेल."

"तू कधीपासून दातांचा डॉक्टर झालास?"



"आत पडताना कोणी पाहिलंय का?" वहिनीने विचारलं. "नाही ना? मग बाहेरही पडली असेल."

तिघं गुडघ्यांवर आली. फरशीवर आठवडाभराचा चुरा होता, आणि त्यातली प्रत्येक कपची तीच वाटत होती. वहिनीने मऊ ब्रशने सगळं पांढऱ्या चादरीवर गोळा केलं. ताई चिमट्याने एकेक उचलून बाजूला ठेवत गेली. मग बारक्याने एक चंद्रकोर उचलली.

"ही बघ. हीच."

ताईने भिंग डोळ्याला लावलं आणि कपची नळीच्या काठाशी धरली. वळण जुळत होतं. तुटलेलं टोक जुळतही होतं आणि नव्हतंही. चिमट्यात वाकली असेल. किंवा दुसऱ्या नळीची असेल. तिच्याही काठाला तिने दुपारी तसंच घासलं होतं.

"मला खात्री नाही."

"खात्री नाही, की हो म्हणायची भीती वाटतेय?" बारक्याने विचारलं.

"दोन्ही."

त्याने पाना लावून इंजिन हाताने फिरवलं. एकदा, मग आणखी एकदा, सावकाश. कुठे अडलं नाही. तेवढ्याने काही सिद्ध होत नाही हे तिघांनाही ठाऊक होतं.

"काम तुझं आहे, ताई," तो म्हणाला. "तू हो म्हणालीस तरच चालू करतो. नाही म्हणालीस तर आत्ता हेड खोलतो, आणि आयुष्यात पुन्हा हा विषय काढणार नाही. शप्पथ."

वहिनी चादरीच्या घड्या घालत राहिली. तिने मान वर केली नाही.

"तू का बोलत नाहीस? त्याच्या शेजारी तूच बसणार आहेस," ताई तिला म्हणाली.

"मी वळणं वाचते. तेवढंच माझं काम."

ताईने कपची पुन्हा काठाशी धरली. या वेळी भिंग न लावता.

"हो," ती म्हणाली.

मॅनिफोल्ड बसवलं, बोल्ट आवळले. इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू झालं. ताई बॉनेटवर तळवा ठेवून उभी राहिली, हात भाजायला लागला तरी. आवाज स्वच्छ होता.

रविवारी उजाडताच दोघं गाडी घेऊन गेली. नऊ वाजता वहिनीचा मेसेज आला: रांगेत दुसरे आहोत, इंजिन लोण्यासारखं. काही वेळाने आणखी एक: निघतोय, फोन बंद करते.

डोंगर चढायला गाडीला सात मिनिटं लागतात. पाऊण तासाने ताईने वहिनीला फोन लावला. तो पुन्हा सुरू झालेला होता, म्हणजे गाडी कुठेतरी थांबली होती. रिंग पूर्ण वाजली, कोणी उचलला नाही.