रेडिओ गप्प बसला

सलूनवाल्याला सगळी गल्ली ‘रेडिओ’ म्हणायची, आणि त्याच्या बायकोला ते मनातून पटायचं. माणूस लाखाचा, पण जिभेला हाड नाही. शेजारच्या घड्याळांच्या दुकानात कुलूप न तोडता चोरी झाली, तेव्हा यानं पहाटे शटरजवळ एक सावली पाहिली होती, एवढंच. पहिल्या गिऱ्हाइकाची दाढी होईतो त्या सावलीचा धट्टाकट्टा माणूस झाला, आणि दुपारपर्यंत तिघे जण मोटारसायकलवरून पळाले.

त्या दुकानाची दुसरी किल्ली शेजारी म्हणून याच्याकडेच असायची. पोलिसांनी त्याला बोलावलं.

सून वकील. ती दुसऱ्या गावच्या कोर्टातून निघाली होती. फोनवर म्हणाली, “बाबा, नाव-पत्ता सांगा, बाकीचं मी आल्यावर. तुम्हालाच गुंतवणाऱ्या प्रश्नांची उत्तरं द्यायची सक्ती नाही, आणि वकील मागणं हा तुमचा हक्क आहे. आणि त्या तिघांची मोटारसायकल तर अजिबात काढू नका.”

“हे आणि गप्प?” बायको म्हणाली. “अगं, झोपेतसुद्धा बोलतात.”

चौकीत ती उघड्या दाराशी बाकावर टेकली. आत साहेब म्हणत होते, “मामा, एकाला एक चोर सांगता, दुसऱ्याला तीन. खरं काय?”

बायकोला वाटलं, आता हा चौथाच प्रकार सांगणार, जबाब फिरवतो म्हणून आत जाणार.

“साहेब, माझी वकील येतेय. ती आल्यावर बोलतो.”

साहेबांनी चहा मागवला. “लपवण्यासारखं नसेल तर माणूस बोलतो, मामा.” आतून नुसता फुरक्यांचा आवाज. मग साहेब सहज म्हणाले, “नाक्यावरचा सलूनवाला सांगत होता, हल्ली तुमचा हात थरथरतो. गिऱ्हाईक येत नाही.”

बायकोनं डोळे मिटले. नाक्यावरच्याचं नाव निघालं की याच्या तोंडाचा पट्टा संध्याकाळपर्यंत थांबत नसे. नवऱ्याचे कान लाल झाले. त्यानं तोंड उघडलं.

“चहा चांगला आहे, साहेब,” तो म्हणाला. “बाकी वकील आल्यावर.”

एवढ्या वर्षांच्या संसारात नवऱ्याचा इतका अभिमान तिला कधी वाटला नव्हता. आत जाऊन साहेबांना सांगावंसं वाटलं, हे माझे मालक.

सून आली, सासऱ्याशेजारी खुर्ची ओढून बसली. मग तो बोलला. “एक सावली पाहिली, साहेब. बाकीची माणसं आणि मोटारसायकल माझ्या पदरची. किल्ली आमच्या कपाटात आहे, कधीही बघा.” सुनेनं जबाब वाचून दाखवायला लावला, त्यात ‘तिघे’ राहिले होते ते खोडायला लावले. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, खोडले, आणि जायला सांगितलं.

सून गाडी आणायला गेली. हा पायरीवर अजून ओठ मिटून उभा. बायकोकडे बघत होता, जणू परवानगी मागत होता. लग्न झाल्यापासून ती त्याला ‘पुरे आता’ म्हणत आली होती.

“गाडी राहू दे, आपण चालत जाऊ,” ती म्हणाली. “तो नाक्यावरचा काय म्हणाला म्हणे?”

त्यानं जो सूर लावला तो थांबेना. आणि तिनं घराकडचा लांबचा रस्ता धरला.